मॅपमध्ये उत्तर ठेवायचं की प्रॉमिसच ठेवायचा?

आमच्या इंदूरच्या ऑफिसात परवा पोहे-जिलेबी येईपर्यंत यावरूनच भांडण चाललं होतं. जावास्क्रिप्टमधलं काम साधंच, ऑर्डरच्या फॉर्ममध्ये पिनकोड टाकला की एपीआयला (नेटवर्कवरच्या सर्व्हिसला) विचारून शहर भरायचं, आता ४५२००१ दिवसभरात कितींदा येतो, दरवेळी नेटवर्कवर कशाला जायचं. म्हणून कॅशे, म्हणजे एकदा विचारलेलं मॅपमध्ये (की दिली की तिचं उत्तर देणाऱ्या साठ्यात) जपून ठेवायचं; आणि प्रॉमिस म्हणजे अजून यायच्या उत्तराची पावती.

बहुतेक जण आधी उत्तरच साठवतात. मॅपमध्ये बघा, नसेल तर अवेट करा (उत्तर यायची वाट बघा), आलं की ठेवून द्या. चालतं, वाचायलाही सोपं, पण त्या अवेटच्या मधेच अजून पाच जणांनी तोच पिनकोड विचारला तर मॅप रिकामाच असतो आणि सहाच्या सहा रिक्वेस्ट जातात. "भिया, जावास्क्रिप्ट तर सिंगल थ्रेडेड आहे ना, एका वेळी एकच काम" असं एकजण म्हणाला, आहे, पण अवेट आला की फंक्शन तिथे थांबतं आणि इव्हेंट लूप (कामांना पाळी देणारी यंत्रणा) दुसऱ्याला चान्स देतो. म्हणजे सराफ्यात भुट्टे का कीस उरलाय का बघायला एकाला पाठवलं, आणि तो परतायच्या आत दुसऱ्याला, मग तिसऱ्यालाही.

माझं मत प्रॉमिसला. अवेट न करता तो तसाच मॅपमध्ये टाकायचा, मागून येणारे सगळे त्याच प्रॉमिसवर थांबतात, रिक्वेस्ट एकच, आणि एकदा पूर्ण झाला की कितींदाही अवेट करा तेच उत्तर. फक्त मॅपमध्ये टाकायच्या आधी एकही अवेट नको, नाहीतर परत पहिलाच घोटाळा. खरी गोम मात्र फेल झालेल्या प्रॉमिसची, तोही मॅपमध्ये बसून राहतो! आमचा एपीआय एकदा दोन मिनिटं बंद होता आणि आम्ही मात्र रीस्टार्ट करेपर्यंत एररच वाटत बसलो. म्हणून कॅचमध्ये (एरर पकडायच्या जागी) ती की डिलीट करायची, आणि करण्याआधी तिथे अजून तोच प्रॉमिस आहे ना तेही बघायचं. अजून एक, एकाने रिक्वेस्ट अबॉर्ट (मधेच रद्द) केली की बाकीच्यांचीही जाते, कारण प्रॉमिस सगळ्यांचा एकच, तेव्हा कुणा एकाचा अबॉर्ट सिग्नल थेट फेचला (रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फंक्शनला) देऊ नका.

मॅप स्वतःहून कधी लहान होत नाही. पिनकोड खरे असतील तर मोजकेच, पण सर्चबॉक्समधलं काहीबाही साठवायचं असेल तर एलआरयू-कॅशे पॅकेज (बराच वेळ न वापरलेलं आधी काढून टाकणारं) घ्या, त्यात मॅक्स (जास्तीत जास्त किती ठेवायचं) आणि टीटीएल (किती वेळ ठेवायचं) देता येतं आणि त्याचं फेच वापरलं तर एकाच कीच्या रिक्वेस्टही तेच एकत्र करतं. रिअ‍ॅक्टवाल्यांनी (रिअ‍ॅक्टमध्ये स्क्रीन बनवणाऱ्यांनी) टॅनस्टॅक क्वेरी ही लायब्ररी घ्यावी, फक्त त्यात स्टेलटाइम (उत्तर किती वेळ ताजं मानायचं) डिफॉल्ट ० असतो, म्हणून कॉम्पोनंट (स्क्रीनचा तुकडा) परत माउंट झाला, म्हणजे पुन्हा स्क्रीनवर आला, की पुन्हा रिक्वेस्ट जाते आणि लोकं म्हणतात कॅशे चालतच नाही.

नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या) चार प्रोसेस चालू असतील तर प्रत्येकीचा मॅप वेगळा, तिथे रेडिस, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक साठा, लागेल. पण रेडिसमध्ये प्रॉमिस जात नाही, उत्तरच जातं, म्हणून आतमध्ये प्रॉमिसवाला मॅप ठेवावाच लागतो. आमची सध्या एकच प्रोसेस आहे, रेडिसचा विषय पोह्यांसोबतच संपला.