जवान परदेशात पाठवायचे, तर कोणत्या झेंड्याखाली?

भारतीय जवान शांततेच्या कामासाठी देशाबाहेर पाठवावेत का, यावर मत बनवायचं असेल तर समोर तीन वाटा आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली जायचं, शेजारी देशाशी थेट करार करून जायचं, किंवा एखाद्या बड्या राष्ट्राच्या आघाडीत सामील व्हायचं. पहिल्या दोन वाटांनी आपण जाऊन आलो आहोत, तिसरीला २००३ साली नकार दिला. माझं मत आधीच सांगतो. झेंडा महत्त्वाचा आहेच, पण फौज निघण्यापूर्वी देशात त्यावर उघड वाद झाला होता का, हे मला त्याहून मोठं वाटतं.

निळ्या टोपीचा हिशोब तसा स्पष्ट आहे. १९६१ च्या फेब्रुवारीत सुरक्षा परिषदेने काँगोतली यादवी रोखण्यासाठी, शेवटचा उपाय म्हणून, बळ वापरायला परवानगी दिली आणि त्यानंतर नेहरू सरकारने तिथे अख्खी ब्रिगेड पाठवली. त्याच वर्षी ५ डिसेंबरला काँगोतल्या एलिझाबेथविल शहरात कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया मूठभर गुरख्यांना घेऊन कित्येक पट मोठ्या सशस्त्र जमावावर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पुढे २००० साली पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये आपले गुरखे कैलाहुन गावी दोन महिन्यांहून अधिक काळ बंडखोरांच्या वेढ्यात अडकले. जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ राबवून त्यांना बाहेर काढलं. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेच्या नेतृत्वात बेबनाव झाला, तेव्हा भारताने आपलं सगळं दळ माघारी आणायचं ठरवलं. या निर्णयावरून देशात राजकीय भूकंप झाला नाही. पहिल्या वाटेचा हा मोठा फायदा आहे: परत फिरणं सोपं असतं.

तोटाही तितकाच खरा आहे. मोहिमेचं काम काय आणि अधिकार किती, हे सुरक्षा परिषद ठरवते. रक्त सांडणाऱ्या देशांचा त्यात फारसा आवाज नसतो. या मोहिमांत सर्वाधिक जवान गमावणारा देश भारत आहे, पावणेदोनशेहून अधिक, आणि परिषदेत आपल्याला कायमची जागा अजूनही नाही.

दुसरी वाट श्रीलंकेची, आणि तिच्यापाशी जास्त थांबायला हवं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि लगेच फौज जाफन्याकडे निघाली. संसदेत आधी मतदान झालं नव्हतं. तिथल्या जनतेचा रागही ताजा होता. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेत असताना राजीव गांधींवर एका श्रीलंकन नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला. ज्या तमिळांच्या रक्षणाला फौज गेली, त्यांच्यातल्याच एलटीटीई या स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेशी ऑक्टोबरात युद्ध जुंपलं. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जणांपैकी २९ जण मारले गेले. २५ नोव्हेंबरला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी छातीत गोळी लागलेली असताना हल्लेखोराची रायफल हिसकावून त्यालाच ठार केलं, आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. मुंबईत जन्मलेले हे अधिकारी महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे होते. या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं.

मग घरचं राजकारण फिरलं. १९८९ च्या जानेवारीत तमिळनाडूत या मोहिमेच्या विरोधातला द्रमुक सत्तेवर आला, कोलंबोत नवे राष्ट्राध्यक्ष म्हणून आलेल्या प्रेमदासांनी फौज परत न्या म्हणून जाहीर मागणी केली, वर्षअखेरीस दिल्लीतलं सरकारही बदललं. मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान मद्रासला उतरले, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तीन वर्षांपेक्षा कमी काळात सुमारे १,२०० जवान गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या मोहिमांत मिळून आपण गमावलेल्या जवानांच्या कितीतरी पट. फौज मोठी होती, लढाई वेगळी होती, हे मान्य करूनही हा आकडा गिळवत नाही. जवान झगडत होते त्या काळातच मागे त्यांचा पाठिंबा विरत गेला, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

तिसऱ्या वाटेबद्दल थोडक्यात. २००३ मध्ये अमेरिकेला इराकच्या उत्तर भागासाठी भारताची एक डिव्हिजन हवी होती. वाजपेयी सरकारमध्ये पाठवावी म्हणणारेही होते. विरोधकांनी कडाडून विरोध केला, वर्तमानपत्रांत महिनोन्‌महिने चर्चा झाली, काही राज्यांच्या निवडणुका तोंडावर होत्या. १४ जुलैला सरकारने सांगितलं की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार केला असता. निवडणुकीच्या धाकाने राष्ट्रहिताचा निर्णय अडतो, अशी तक्रार तेव्हाही झाली. मला ती पटत नाही. इराकची पुढची वर्षं पाहता त्या वादाने आपले हजारो जवान मोठ्या संकटातून वाचवले.

पैशांचा मुद्दा निकाली काढणारा नाही, पण माहीत हवा. संयुक्त राष्ट्रं दर जवानामागे महिन्याला सुमारे १,४०० डॉलर संबंधित सरकारला देतात. श्रीलंकेचा भार आपणच उचलला.

तेव्हा निवड करायची तर मी पहिली वाट धरेन, तीही मोहिमेचं काम, अधिकार आणि परतीची अट लेखी ठरली असेल तरच. तिसरी नाही. दुसरीला एका अटीवर तयार होईन. आज जवान बाहेर पाठवायला मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो, संसदेची मंजुरी घेण्याचं बंधन नाही. युद्धमोहिमेची शक्यता असलेल्या कोणत्याही करारावर आधी लोकसभेत चर्चा आणि मतदान व्हावं, आणि ज्या राज्याला त्याची सर्वांत जास्त झळ लागणार त्याचं म्हणणं तिथे नोंदवलं जावं. ही तरतूद कायद्यात आली, तर थेट कराराला माझा विरोध राहणार नाही.