फिनलंडचं पुरातत्त्व शिकायचं, तर आधी कोणत्या संस्थेकडे वळायचं?

फिनलंडच्या पुरातत्त्वात रस घेणाऱ्या प्रत्येकासमोर दोन संस्थांची नावं हमखास येतात. एक 1870 सालची, दुसरी 1982 सालची. कामं वरवर सारखीच वाटतात आणि नव्या माणसाचा गोंधळ होतो. शिकायला तिकडे गेलेल्या किंवा इथे बसूनच वाचन सुरू करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला निवड सोपी जावी, म्हणून हा आढावा.

थोरल्या संस्थेचं नाव सुओमेन मुइनाइस्मुइस्तोयूहदिस्तूस. उच्चारताना जीभ अडखळते, पण फोड करून पाहा: 'मुइनाइस' म्हणजे प्राचीन, 'मुइस्तो' म्हणजे आठवण. जुनी थडगी, वस्त्यांचे अवशेष, दगडांच्या राशी या सगळ्यांना फिनिश भाषेत 'प्राचीन आठवण' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. संस्था निघाली तेव्हा फिनलंडवर रशियाच्या झारची सत्ता होती. स्वातंत्र्य मिळालं 1917 साली. आपला भूतकाळ आपणच गोळा करायचा, ही ओढ या संस्थेच्या मुळाशी आहे. 1871 ते 1902 या काळात तिने आठ कलामोहिमा काढल्या. चित्रकार आणि वास्तुकार गावोगावच्या मध्ययुगीन चर्चमध्ये जात, भिंतींवरची चित्रं आणि लाकडी मूर्ती कागदावर उतरवून आणत. त्यामुळे पुरातत्त्व, कलेचा इतिहास आणि लोकजीवन हे तिन्ही विषय पहिल्यापासून तिच्या एकाच छपराखाली आहेत.

धाकटी संस्था म्हणजे फिनलंडची पुरातत्त्व सोसायटी, सुओमेन आर्केओलोगिनेन सेउरा. तिचा पसारा लहान आणि नेमका: फक्त पुरातत्त्व. 1984 पासून ती दोन नियतकालिकं काढते. 'मुइनाइस्तुत्किया' मुख्यतः फिनिशमधून निघतं, तर 'फेन्नोस्कॅन्डिया आर्किओलॉजिका' हे वार्षिक मुख्यतः इंग्रजीतून. त्यातले लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतलेले असतात आणि जुने अंक जालावर फुकट वाचता येतात.

भाषा हा आपल्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा आहे. थोरल्या संस्थेने 1894 साली दोन नियतकालिकं सुरू केली, एक फिनिश आणि एक स्वीडिश. तिच्या जुन्या ग्रंथमालेत जर्मन आणि फ्रेंचही भरपूर. पुण्या-मुंबईहून गेलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी तिथे चाचपडणारच. म्हणून माझं मत सरळ आहे: सुरुवात धाकटीपासून करा. दगडी हत्यारं, खापरं, कातळचित्रं, उत्खननाच्या पद्धती हा तुमचा विषय असेल, तर पुढेही तिथेच रमाल.

पण म्हणून थोरलीला बाजूला सारू नका. का, ते एका जाळ्यावरून सांगतो.

1913 साली तेव्हाच्या फिनलंडमधल्या आंत्रेआ भागात कुरणात चर खणताना एका शेतकऱ्याला चिकणमातीत जुनं मासेमारीचं जाळं सापडलं. वाळुंज म्हणजे विलोच्या झाडाच्या सालीचे तंतू वळून केलेलं, सुमारे 30 मीटर लांबीचं. सोबत पाइनच्या सालीचे तरंगते तुकडे आणि जाळं खाली धरून ठेवणारे दगड. वय दहा हजार वर्षांहून जास्त. फिनलंडची माती आम्लधर्मी असल्याने तिथे हाड, चामडं, लाकूड सहसा टिकत नाही. अश्मयुगीन वस्त्यांवर हाडं मिळतात ती बहुतेक जळालेलीच. हे जाळं मात्र एका पुरातन जलाशयाच्या तळच्या चिखलात हवेपासून दूर राहिलं, म्हणून वाचलं. सकारी पाल्सी यांनी त्या जागेचा अभ्यास केला आणि 1920 साली त्यांचा जर्मन अहवाल छापला तो या थोरल्या संस्थेनेच. पाल्सी स्वतः पुरातत्त्वज्ञ होते आणि लोकजीवनाचे अभ्यासकही. जाळ्याची गाठ कशी मारली आहे, बुडवे दगड कसे बांधले असतील, हे प्रश्न नुसत्या उत्खननाने सुटत नाहीत. त्यासाठी कोळ्यांच्या हातांकडे बघावं लागतं. अशा वेळी तिन्ही विषय एकत्र ठेवणाऱ्या संस्थेचं मोल कळतं. आंत्रेआ आज रशियाच्या हद्दीत आहे, त्यामुळे तो अहवाल आणखीच मोलाचा.

तेव्हा चर्च, मूर्ती, विणकाम, घरं, शेतीची अवजारं याकडे तुमचा ओढा असेल, तर जुन्या संस्थेत जा आणि पहिल्याच दिवसापासून फिनिश शिकायला लागा. मध्ययुग हाच विषय पक्का असेल, तर मध्ययुगीन पुरातत्त्वाची वेगळी संस्था आहे; तिला स्कास म्हणतात. भाषाशास्त्राची गोडी असणाऱ्यांसाठी 1883 ची फिनो-उग्रिक सोसायटी; फिनो-उग्रिक म्हणजे फिनिश, हंगेरियन वगैरे भाषांचं कूळ. ती स्थापण्यात पुढाकार घेणारे ओट्टो डोनर हेलसिंकीत संस्कृतचे प्राध्यापक होते, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका. यातल्या कुठल्याही संस्थेचं सभासदत्व म्हणजे खणायचा परवाना नव्हे. 1963 च्या कायद्याने जमिनीतले प्राचीन अवशेष आपोआप संरक्षित आहेत. कुणी त्यांची नोंद केलेली असो वा नसो. उत्खननाची परवानगी मुसेओविरास्तो हे सरकारी वारसा खातं देतं. शंभर वर्षांहून जुनी बेवारस वस्तू सापडली, तर तीही त्यांच्याकडेच द्यायची. तिथल्या एखाद्या शेतात चालताना मातीतून काही डोकावताना दिसलं, तर ओढून काढू नका. जागेचा फोटो घ्या, ठिकाण नीट टिपून ठेवा आणि त्यांना कळवा. वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी पडली होती, हे तुम्ही ती उचललीत की कायमचं पुसलं जातं.