एक्स्चेंज की दुरुस्ती: शोरूम आणि पेठेतलं दुकान

टीव्ही-फ्रिजसारखा माल मोठ्या शोरूममध्ये आणि पेठेतल्या दुकानात तोच, वीजबचतीचे स्टारही तेच. त्यामुळे पर्यावरणाच्या दृष्टीने दुकान जोखायचं तर मी एवढंच बघतो, की जुनी वस्तू तिथे नेली की तिचं काय होतं.

मागच्या दिवाळीत आमच्या टीव्हीचा आवाज यायचा, पण चित्र दिसेना. ज्या मोठ्या शोरूममधून तो घेतला होता, तिथला मुलगा बोलायला नम्र होता. पण सेट न बघताच म्हणाला, "काका, पॅनेल गेलं असणार. एक्स्चेंजमध्ये टाका, दोन हजार सुटतील." जुना सेट पुढे कुठे जातो? "व्हेंडर उचलतो." कुठला व्हेंडर? तो मॅनेजरकडे दोनदा जाऊन आला आणि म्हणाला, "ते कंपनी बघते." दारात ई-कचऱ्याची हिरवी पेटी होती, पण ती मोबाईल-चार्जरपुरती. जुना सेट कुठे गेला याचा कागद मिळेल का, तर नाही. बिलावर फक्त 'एक्स्चेंज सवलत' येणार. मला हेच खटकलं. माझ्या घरातून गेलेल्या वस्तूचा ठावठिकाणा मला कळायला नको?

बुधवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने टीव्ही चालू करून दुकानातले दिवे मालवले आणि पडद्यावर तिरकी टॉर्च धरली. अंधुक चित्र दिसलं. "पॅनेल ठणठणीत आहे, त्याला मागून उजेड देणाऱ्या एलईडी पट्ट्या गेल्यात." १,८०० रुपयांत काम झालं. टीव्ही अजून चालतोय.

शोरूमच्या बाजूनेही बोलायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादक कंपन्यांना नोंदणीकृत रिसायकलरकडून ई-कचरा रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रं घ्यावी लागतात. मोठ्या शोरूम-साखळीतला जुना माल अशा रिसायकलरपर्यंत पोचण्याची शक्यता बहुधा जास्त असेल. पेठेत निकामी बोर्ड गोणीत साठतात आणि भंगारवाला नेतो. पुढे कुठेतरी तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवले जातात. ही गोष्ट मला डाचते. २०२२ मध्ये जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद जेमतेम २२.३ टक्क्यांची.

फ्रिजचं गणित थोडं वेगळं. पंधरा वर्षं जुना, वीज खाणारा फ्रिज असेल तर बदललेला बरा. तेव्हा शोरूममध्ये जा, पण जुना कुठे जाणार ते लेखी मागा. टीव्ही, मिक्सर, लॅपटॉप असेल तर माझा पहिला फेरा पेठेतच. काढलेल्या पट्ट्या मात्र मी मागून घेतल्या आणि सोसायटीतल्या ई-कचरा संकलनाच्या दिवशी दिल्या.