बांदा नैराची पायी टूर: किल्ल्यापेक्षा विहिरीपाशी जास्त वेळ मागा

आपण श्रीखंडात किसून घालतो ते जायफळ एकेकाळी जगात फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर पिकायचं, म्हणून कधीपासून तिथे जायचं होतं. आंबोन शहरातून बोटीने त्यातल्या बांदा नैरा बेटावर पोचलो, गेस्टहाऊसवाल्यांनी गावातलाच एक गाईड गाठून दिला, अर्ध्या दिवसाची पायी टूर.

सुरुवात अगदीच साधी, बेल्जिका किल्ला, वरून ज्वालामुखी आणि समुद्र, फोटो काढा. तिथे पाऊण तास गेला, तो मला जास्त वाटला. पण मग गाईड आम्हाला परिगी रांतेला घेऊन गेला आणि टूर खरी तिथे सुरू झाली. ही विहीर म्हणजे १६२१ मध्ये मारलेल्या लोकांचं स्मारक. डच ईस्ट इंडिया कंपनीला जायफळाचा सगळा व्यापार एकटीच्या हातात हवा होता आणि बांदाचे लोक तर इंग्रजांना, जावाच्या व्यापाऱ्यांनाही माल विकायचे, म्हणून कंपनीचा गव्हर्नर-जनरल कून याने फौज आणली, इथले ४४ ओरांग काया म्हणजे गावांचे पुढारी जपानी भाडोत्री सैनिकांकडून कापून काढले. बेटांवर साधारण १५,००० लोक होते, त्यातले हजारभर उरले. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, गुलाम म्हणून नेले किंवा होड्यांतून पळाले. गाईड दगडावरची नावं एकेक करून वाचत होता, घाई नाही काही नाही, आम्ही सगळे गप्प.

मग होडीने शेजारच्या बांदा बेसार बेटावर, जायफळाच्या बागेत. उंच कनारी वृक्षांच्या सावलीत जायफळाची झाडं, फळ उकललं की आत लालभडक जायपत्री, इतकी सुंदर की बघत राहावं. आणि या बेटांवरच्या अशाच जमिनीचे डचांनी ६८ तुकडे पाडून आपल्या माणसांना दिले, राबायला बाहेरून गुलाम आणले. हे ऐकल्यावर हातातलं फळ जड वाटलं मला, खरंच.

गाईडने आणखी एक सांगितलं ते डोक्यातून जात नाही, पळालेल्यांचे वंशज लांब केई बेटांवर राहतात आणि बांदाची जुनी भाषा आजही तेच बोलतात, बांदात ती राहिलेली नाही.

होडी तासभर उशिरा आली, उन्हात लहान मुलं कंटाळली, पाणी आपलं न्या. पैसे आधीच ठरवा आणि किल्ला आटोपता घ्या असं गाईडला स्पष्ट सांगा. जायफळाचा जाम थेट बागवाल्यांकडून घ्या, आम्ही दोन बाटल्या आणल्या, एक संपली पण.