कुसळाचं मुसळ दाखवणारी लेन्स, साडेतीन स्टार

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका मोबाईल ॲक्सेसरीच्या दुकानातून चारशेला घेतली, चिमट्याने मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स, बॉक्सवर कंपनीचं नाव धड वाचताही येत नाही. दुकानदार म्हणाला दागिन्यांचे फोटो भारी येतात. येत असतील, मी घेतली कुसळासाठी. दिवाळीनंतर अजिंक्यताऱ्यावर जाऊन आलं की सॉक्समध्ये जे घुसतं आणि ओढलं तरी निघत नाही, ते.

आणि दिसतं राव, एकदम क्लिअर. टोक अणकुचीदार, त्यावर ताठ केस आणि ते सगळे मागं वळलेले, म्हणजे आत जायला वाट मोकळी, बाहेर यायला अडसर. मागं लांब शेपूट, खालच्या भागाला पीळ, वरचा भाग वाकडा. आता त्या पिळावर पाण्याचा थेंब टाका आणि व्हिडिओ चालू करा, पीळ उकलायला लागतो आणि वाकडं शेपूट घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरतं, वाळलं की परत उलटं. गंमत म्हणजे त्यात जिवंत काहीच नाही, पेशी मेलेल्या, फक्त त्यांच्या भिंतीतले सेल्युलोजचे धागे तिरके गुंडाळलेले, ओल धरली की भिंती फुगतात आणि सुकलं की आवळतात. रात्रीचं दव आणि दुपारचं ऊन एवढ्यावर शेपूट गवतात अडकून फिरत राहतं आणि बी मातीत घुसत जातं. डार्विनच्या पोरानं, फ्रान्सिसनं, 1876 ला यावर लिहून ठेवलंय, आणि त्याच्याही आधी 1665 मध्ये रॉबर्ट हूकनं जंगली ओटचं असंच कुसळ वापरून हवेतला दमटपणा बघायची युक्ती सांगितली होती. माण-खटावच्या मेंढपाळांना हे सांगायला नको म्हणा, बियाला माती काय आणि मेंढराचं कातडं काय, सारखंच.

तेरड्याला मात्र ही लेन्स बिनकामाची. तिथं वाळण्याचा संबंध नाही, पिकलेलं बोंड हिरवंच असतं, आत पाण्याचा दाब, बोट लागलं की पाचही फाका झटक्यात आत गुंडाळतात आणि बिया उडतात. फोकससाठी मोबाईल इतका जवळ न्यावा लागतो की बिया काचेवरच आदळतात, स्लो मोशन लावली तर मोबाईलच्याच सावलीनं अंधार, आणि एका फ्रेममध्ये बोंड अख्खं तर पुढच्यात खलास. (हे घरच्या अंगणातल्या तेरड्यावर करा, कासला जाऊन फुलांना हात लावू नका.)

भुईमुगाच्या आऱ्या, म्हणजे फुलाजागी निघणारे देठासारखे कोंब, बघायला चांगली आहे. फूल गळलं की आरी खाली मातीकडं वाढत जाते, बी होणारा भाग तिच्या टोकाशीच असतो, आणि आत शिरल्यावरच शेंग धरते. वरच्या फांद्यांवरच्या आऱ्या पोचत नाहीत म्हणून तर आपल्याकडं पिकावरून ड्रम फिरवतात. ही हालचाल वाढीची, लई सावकाश, टाइमलॅप्सच पाहिजे आणि तिथं चिमटा दगा देतो, कव्हर असलं की घसरतोच. कडेला फोटो फुटतो, रंगीत रेघा येतात, ते चारशेत चालवून घ्यायचं.

बदलून मागितली तर दुकानदारानं बिल नाही म्हणून हात वर केले, त्याचा अर्धा स्टार कापलाय. सोबत फुकट आलेली वाईड लेन्स निव्वळ कचरा आहे, साताऱ्यात कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा.