फिगर ड्रॉइंगच्या सरावासाठी वॅकॉम इंट्युओस मीडियम आणि क्रिता

फिगर ड्रॉइंगमध्ये, म्हणजे माणसाची आकृती काढण्याच्या सरावात, ३० सेकंदांच्या पोझमध्ये साधनाचा कस लागतो. तेवढ्यात डोक्यापासून टाचेपर्यंतची एक सलग रेषा, बरगड्यांचा पिंजरा आणि ओटीपोट यांचे उलटसुलट कल, आणि वजन कोणत्या पायावर आहे, एवढंच पकडायचं असतं. वॅकॉमचा स्क्रीन नसलेला ड्रॉइंग टॅब्लेट इंट्युओस मीडियम आणि मोफत मिळणारं चित्रकलेचं सॉफ्टवेअर क्रिता ही जोडी या कामाला फार चांगली आहे. मात्र सेटिंग्ज न बघता वापरली तर आकृत्या रुंद आणि बुटक्या उतरतात, आणि शिकणारा आपल्या हातालाच दोष देत बसतो.

कारण साधं आहे. मीडियमचा रेखाटनाचा भाग २१६ बाय १३५ मिमी, म्हणजे १६:१० आहे. बहुतेक मॉनिटर १६:९ असतात. पूर्ण टॅब्लेट पूर्ण स्क्रीनला जोडला की प्रत्येक रेषा आडवी सुमारे ११ टक्के ताणली जाते. डोकं पसरट, खांदे रुंद, पाय आखूड. ड्रायव्हरच्या (टॅब्लेट संगणकाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मॅपिंगमध्ये ‘फोर्स प्रपोर्शन्स’वर, म्हणजे प्रमाण सारखं राखण्याच्या पर्यायावर, खूण करा. खालची १३ मिमीची पट्टी वाया जाते, जाऊ द्या. खात्री करायची तर टॅब्लेटवर डबीचं गोल झाकण ठेवून त्याभोवती पेन फिरवा; स्क्रीनवरही वर्तुळच दिसलं पाहिजे. तसंच मॉनिटरकडे बघत हाताच्या सवयीने एक उभी रेषा ओढा. ती कलली तर टॅब्लेट थोडा फिरवून ठेवा, नाहीतर उभ्या पोझचा ओळंबा प्रत्येक वेळी चुकेल.

याच टॅब्लेटचा लहान आकार, स्मॉल, घ्यावा का? फिगरसाठी नको. त्याचा भाग १५२ बाय ९५ मिमी आहे. स्मॉलवर हाताचा १ सेंमी २४ इंची मॉनिटरवर साडेतीन सेंमी होतो, मीडियमवर अडीच. स्मॉलवर सगळं मनगटातून काढावं लागतं आणि मांडीपासून घोट्यापर्यंतची लांब रेषा तीन तुकड्यांत येते. मीडियमवर कोपर आणि खांदा हलायला जागा मिळते. चेहरे किंवा रंगकाम एवढंच करायचं असेल तर स्मॉल पुरतो.

क्रितामध्ये आधी ब्रश टूलच्या पर्यायांत जाऊन स्मूदिंग (थरथरती रेषा आपोआप गुळगुळीत करण्याची सोय) बंद करा. त्यातला ‘स्टॅबिलायझर’ हा प्रकार चालू असताना रेषा पेनाच्या मागून येते, झटपट पोझमध्ये वेळ खाते आणि कोपर-गुडघ्यांचे कोन गोलसर करून टाकते. हाडाचा टोकदारपणाच गेला तर आकृती रबरी दिसते. शेवटच्या इंकिंगला, म्हणजे पक्क्या रेषा काढताना, मात्र स्मूदिंगचा ‘वेटेड’ प्रकार सुखाचा पडतो. सरावाला ३००० बाय २००० पिक्सेलचा कॅनव्हास आणि १२ ते १५ पिक्सेलचा साधा ब्रश घ्या. दाबाने फक्त जाडी बदलावी, अपारदर्शकता नाही. संदर्भचित्र रेफरन्स इमेज टूलने शेजारी, आकृतीच्याच उंचीचं ठेवा. कीबोर्डवरचं एम दाबलं की दृश्य आरशासारखं उलटतं आणि तोल कुठे गेला ते लगेच दिसतं. टॅब्लेटच्या वरच्या कडेला चार बटणं आहेत; त्यातलं एक यासाठी ठेवा, अनडूसाठी नको. चुकलेली रेषा तशीच राहू द्या आणि शेजारी बरोबर रेषा काढा. फरक डोळ्याला दिसला तरच हात शिकतो.

विंडोजवर दाबच लागत नसेल तर बहुधा ड्रायव्हर आणि क्रिता वेगवेगळ्या पद्धतीने बोलत असतात. पेनाचा दाब पोचवण्याच्या विनटॅब आणि विंडोज इंक अशा दोन पद्धती आहेत; क्रितात विनटॅब निवडलं असेल तर ड्रायव्हरमधलं ‘विंडोज इंक’ बंद करा, मग क्रिता बंद करून पुन्हा उघडा. रेषा फार जोर लावल्यावरच जाड होत असेल तर क्रिताच्या टॅब्लेट सेटिंग्जमध्ये प्रेशर कर्व्हचा (दाबाला रेषा किती प्रतिसाद देते ते ठरवणाऱ्या वक्राचा) मधला भाग थोडा वर उचला. ड्रायव्हरमध्येही तेच करू नका. दोन बदल एकावर एक चढतात.

खरी उणीव एकच: पेन किती तिरपा धरला आहे ते या टॅब्लेटला कळत नाही. दाबाच्या ४०९६ पातळ्या आहेत, पण पेन्सिल आडवी धरून सावलीचे मोठे पट्टे टाकण्याची सवय इथे चालत नाही. त्यासाठी वेगळा रुंद ब्रश हाताशी ठेवावा लागतो. २ आणि ५ मिनिटांच्या पोझमध्ये ही अदलाबदल जाणवते, ३० सेकंदांच्या पोझमध्ये अजिबात नाही. निब (पेनाचं टोक) झिजून एका बाजूला धारदार झाली की पृष्ठभागावर ओरखडे पडू लागतात, त्याआधीच बदला. तीन जादा निबा पेनाच्या पोटातच असतात.