कोपर्निकसचा ३० मीटर डेटा अनरियलमध्ये: जावळीचं खोरं उभं करताना आलेला अनुभव

पावसाळ्याच्या आधीपासून कोपर्निकसचा, म्हणजे युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाचा, जीएलओ-३० हा जमिनीच्या उंचीचा डेटा अनरियल ५ या गेम इंजिनमध्ये वापरतोय. गेम १६५९ च्या जावळीतला आहे, उत्तरेला प्रतापगड आणि दक्षिणेला पार वासोट्यापर्यंत कोयनेचं खोरं, हवाई अंतर तीसेक किलोमीटर.

लांबून दिसणारा सह्याद्री यातून जसा येतो तसा कुठल्याच नॉइजमधून, म्हणजे कॉम्प्युटरने यादृच्छिक आकड्यांतून बनवलेल्या डोंगरांतून, येत नाही, हे ठामपणे सांगतो. प्रतापगडाच्या जागी कॅमेरा ठेवला आणि समोर मकरंदगडाचं खोगीर आपसूक उभं, एक ब्रश फिरवला नव्हता. कुठून काय दिसतं, कुठली सोंड कुठली वाट झाकते, हे सगळं खरं असतं त्यामुळे दबा धरायच्या जागा बनवाव्या लागत नाहीत, फिरून शोधायच्या. गडाखालच्या पार गावी उतरलेली अफजलखानाची फौज कशी कोंडीत सापडली असेल ते तिथे उभं राहिलं की कळतंच.

इम्पोर्टचं थोडक्यात. डेटा अंश-रेखांशात येतो, तो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम झोन ४३ मध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत, आणायचाच, नाहीतर आपल्या अक्षांशावर सगळं पूर्व-पश्चिम पाचेक टक्के ताणलेलं येतं. डेटाचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्स, आधी जोडायच्या आणि मग सगळ्यांना एकच किमान-कमाल उंची द्यायची, वेगवेगळी दिली की शिवणीवर खोटे कडे उभे राहतात. फाइल १६ बिटचीच हवी, ८ बिटमध्ये फक्त २५६ पायऱ्या, म्हणजे उंचीच्या १,४०० मीटरच्या पल्ल्यात साडेपाच मीटरची एकेक पायरी, डोंगर भातखाचरासारखा दिसतो. तेवढ्याच पल्ल्याला अनरियलमधला झेड स्केल, म्हणजे उंचीचं प्रमाण, साधारण २७३ येतो आणि एका बाजूला ८१२९ बिंदूंचा लँडस्केप दर ४ मीटरला एक बिंदू धरून साडेबत्तीस किलोमीटर पुरतो.

आता खरी अडचण, पायाखालची. मूळ डेटात ३० मीटरला एक उंची, मधलं सगळं अंदाजाने भरलेलं, त्यामुळे जवळ गेलं की सगळं गुळगुळीत आणि उभा कातळकडा असेल तिथे नुसता तिरका उतार. शिवाय हाइटमॅपमध्ये, म्हणजे या उंचीच्या फाइलमध्ये, एका जागेला एकच उंची बसते, म्हणजे पुढे झुकलेला कडा किंवा गुहा त्यात येऊच शकत नाही, ते मेश, म्हणजे सुटे थ्रीडी आकार, म्हणून वेगळेच लावावे लागतात. बारकावा आणायला लोक इरोजनचा, म्हणजे पाण्याने होणाऱ्या झिजेची नक्कल करणारा, फिल्टर मारतात, पण त्याच्या नेहमीच्या सेटिंगवर धारदार आल्प्स तयार होतात आणि हे मला खरंच बघवत नाही. आपला डोंगर बेसॉल्टच्या आडव्या थरांचा, कडा, मग झाडीचा पट्टा, मग परत कडा. म्हणून आधी थरांचा फिल्टर, नंतर अगदी हलकं इरोजन, असं केलं तरच तो सह्याद्री वाटतो.

झाडांचंही लक्षात ठेवा. ही उंची रडारने मोजलेली आहे आणि घनदाट जंगलात ती जमिनीची नसून बरीचशी शेंड्यांची असते, कोयनेच्या रानात त्यावर परत झाडं लावली की जंगलावर जंगल. ब्रिस्टल विद्यापीठाचा फॅबडेम याच डेटातून झाडं-इमारती काढून केलेला आहे, छान आहे, पण त्याचं लायसन्स व्यावसायिक वापराला चालत नाही आणि आम्हाला गेम विकायचाय, त्यामुळे जंगलाचा मास्क, म्हणजे कुठे कुठे जंगल आहे त्याचा आराखडा, काढून तिथली जमीन आम्हीच खाली घेतली.

आणि सगळ्यात जास्त वेळ ज्याने खाल्ला तो शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. डेटा २०११ ते २०१५ दरम्यानचा, त्यात जलाशय म्हणजे एक सपाट चकती. १६५९ मध्ये तिथे वाहती कोयना होती, दोन्ही काठांना वस्ती होती, आणि हे सगळं या डेटात कुठेच नाही, कितीही चांगला फिल्टर लावा. मग अमेरिकन लष्कराच्या १९५० च्या दशकातल्या १:२,५०,००० नकाशांचे स्कॅन घेतले, ते नेटवर फुकट मिळतात, धरणाच्या आधीचे आहेत. त्यावरून नदीची वळणं मिळतात पण काठांचे उतार मिळत नाहीत, ते पाण्याच्या वर दिसणाऱ्या सोंडा तशाच खाली ओढत हाताने काढतोय. तापोळ्याच्या बाजूचं झालंय, वासोट्याच्या पायथ्याचं चालू आहे.